गरम गाडी सुरू का होत नाही?

"सकाळी एका सेल्फमध्ये घेते. छावणीच्या मंडीत माल उतरवायला बंद केली की मग कितीही सेल्फ मारा, घेत नाही." गेल्या दिवाळीआधी माझा मावसभाऊ त्याच्या पिकअपबद्दल हे रोज सांगत होता. बॅटरी, फिल्टर, सेन्सर, सगळं बदलून झालं. शेवटी हाय-प्रेशर पंप उतरवून आम्ही देवास नाक्याजवळच्या मिस्त्रीकाकांकडे नेला.

आजच्या कॉमन रेल इंजिनात हा पंप डिझेल दाबून एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, भरतो. तिथला दाब १६०० बारच्या घरात जातो; एक बार म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेचा साधारण दाब. मरियाना गर्तेच्या तळाशी, अकरा किलोमीटर पाण्याखाली, दाब असतो साधारण ११०० बार. आणि एवढा दाब अडवायला पंपात ना रबर, ना वॉशर. प्लंजर (पुढेमागे होणारा दांडा) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यामधली फट दोन ते चार मायक्रॉनची असते, तीच सील. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो.

रेलमध्ये दाब बनत नसेल तर दोष पंपाचाच असतो असं नाही. इंजेक्टर, म्हणजे रेलमधलं डिझेल इंजिनात फवारणाऱ्या तोट्या, आतून डिझेल परत सोडत असतील, दाब सांभाळणारा वाल्व गळत असेल. गाडीवर हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. पंप गाडीबाहेर फिरवून तपासायचं यंत्र म्हणजे टेस्ट बेंच, त्याचं मोल इथं कळतं. मोटर बेंचची, रेल बेंचची, वाल्व बेंचचा, सगळे आधी तपासलेले. बाहेरचा एकटा पंप. तेलसुद्धा गाडीतलं डिझेल नाही, आयएसओ ४११३ मानकाचं टेस्ट ऑइल, तेही ४० अंशांवर राखलेलं. तेल जितकं गरम तितकं पातळ, आणि पातळ तेल फटीतून जास्त निसटतं. तापमान रोज वेगळं ठेवलं तर आकड्यांना अर्थच उरणार नाही.

काकांनी आधी पंप जोरात फिरवला. काटा झरझर चढला, १६०० वर स्थिर राहिला. भाऊ म्हणाला, "काका, पंप तर चांगला आहे!"

"थांब जरा," म्हणत काकांनी वेग मिनिटाला दीडशे फेऱ्यांवर आणला. सेल्फ मारताना पंप जेमतेम एवढाच फिरतो. आता काटा रेंगाळत नव्वदपर्यंत गेला आणि तिथंच बसला. इंजेक्टर उघडायला गाडीचा कॉम्प्युटर साधारण दीडशे-दोनशे बार मागतो. तेवढा दाब नाही, म्हणून गाडी नाही.

मला स्वतःला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. वेगात प्लंजरचा एकेक फटका क्षणात उरकतो, तेलाला निसटायला वेळच मिळत नाही. वेग वीसपट कमी केला की प्रत्येक फटक्यात गळतीला वीसपट वेळ मिळतो. त्यात गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: फट तीनाची सहा मायक्रॉन झाली की त्याच दाबाला गळती आठपट. सकाळी थंड डिझेल दाट असतं, म्हणून कसंबसं निभावतं. दुपारी तेच डिझेल तापून पातळ होतं आणि पंप उघडा पडतो.

झीज बहुतेकदा कचऱ्यानं किंवा पाण्यानं होते. पंपाला वेगळं इंजिन ऑइल मिळत नाही, डिझेलच त्याचं वंगण. बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या डिझेलमधलं गंधक १० पीपीएमपर्यंत (दहा लाखात दहा भाग) खाली आणताना त्याचा नैसर्गिक गुळगुळीतपणाही जातो, म्हणून वंगणाचं रसायन मुद्दाम मिसळावं लागतं. रॉकेलची भेसळ अशा पंपाला फार महागात पडते.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. चालू इंजिनाच्या हाय-प्रेशर नळीवर गळती शोधायला बोट कधीही फिरवू नका. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. वर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत बोट सडू लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच घटकेला हॉस्पिटल गाठा.

निघताना काकांनी कॉमन रेलच्या आधीच्या जुन्या लाइन पंपाची दोन एलिमेंटं, म्हणजे प्लंजर-बॅरलच्या दोन जोड्या, दाखवली. बॉशनं १९२७ साली असे पंप कारखान्यात बनवायला घेतले, तेव्हापासून प्लंजर-बॅरलची जोडी एकमेकांसाठीच घासून बसवतात. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलला चालत नाही. स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून त्यांनी नव्या जोडीचा प्लंजर अर्धा वर ओढला आणि सोडला. तो आपल्याच वजनानं सावकाश, अगदी दमानं खाली उतरला. मग झिजलेल्या जोडीचा सोडला. तो टक्कन पडला.