आयरिश येते आणि आयरिश बोलली जाते: आयर्लंडचा दाखला देण्याआधी

मराठी शाळांचा विषय निघाला की कुणीतरी आयर्लंडला मधे ओढतोच. एक म्हणतो, ‘आयर्लंडने बघा भाषा कशी जिवंत केली, चाळीस टक्के लोक आयरिश बोलतात!’ दुसरा म्हणतो, ‘शंभर वर्षं सक्ती केली, तरी मेलीच ना?’ दोघंही एकाच जनगणनेवरून बोलत असतात. फक्त ‘भाषा येते’ आणि ‘भाषा वापरात आहे’ हे दोन वेगळे रकाने आहेत, हे दोघांच्याही गावी नसतं.

किरकोळ घोळ आधी मिटवू. आयरिश म्हणजे आयरिश हेल काढून बोललेली इंग्रजी नव्हे. ती केल्टिक कुळातली स्वतंत्र भाषा आहे, स्कॉटलंडच्या गेलिकशी जवळचं नातं असलेली. आयर्लंडच्या राज्यघटनेत तिला पहिल्या राजभाषेचा मान आहे आणि 2007 पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. रस्त्यावरच्या दुभाषी पाट्यांचे फोटो टाकून ‘याला म्हणतात भाषाप्रेम’ लिहिणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की पाटी वाचायला कुणाला आयरिश यावी लागत नाही. खाली इंग्रजी असतेच.

आता ‘येते’चा रकाना. हा आपल्या ओळखीचा आहे, म्हणून थोडक्यात. 1922 साली स्वतंत्र झालेल्या देशाने भाषा वाचवायचं काम शाळांवर सोपवलं. 1973 पर्यंत तिथल्या शालान्त परीक्षेत आयरिशमध्ये नापास म्हणजे सगळ्यातच नापास, असा नियम होता. ती अट गेली, पण विषय आजही सक्तीचा आहे. मुलं बारा-तेरा वर्षं शिकतात, धातू चालवतात, निबंध घोकतात, आणि मोठेपणी बऱ्याच जणांकडे ‘मी शौचालयात जाऊ का?’ हे एक वाक्य अस्खलित उरतं, कारण वर्गात खरोखर गरजेचं तेवढंच होतं. मार्कांसाठी संस्कृत घेतलेल्यांना आणखी काय सांगायचं!

2022 च्या जनगणनेत 18 लाख 74 हजार लोकांनी ‘हो, आयरिश येते’ असं सांगितलं. हेच ते चाळीस टक्के. त्यातल्या ‘खूप चांगली येते’ म्हणणाऱ्यांची संख्या दोन लाखांच्या आत. आणि पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांनी ‘येते, पण कधीच बोलत नाही’ असंही प्रामाणिकपणे नोंदवलं.

खरी मेख पुढच्या प्रश्नात आहे. रोज बोलता का? याला सव्वासहा लाखांच्या आसपास लोक ‘हो’ म्हणाले. हा आकडा घेऊन नाचणारे पुष्कळ भेटतात. पण त्यातले साडेपाच लाख फक्त शिक्षणव्यवस्थेच्या आत बोलतात, म्हणजे घंटा झाली की भाषाही दप्तरात. शाळेबाहेर रोज बोलणारे किती? 71,968. एकावन्न लाखांच्या देशात बहात्तर हजारही नाहीत. ज्याला आयर्लंडचं नाव घेऊन काही सिद्ध करायचं असेल, त्याने हा आकडा घ्यावा. बाकीचे शिक्षणखात्याच्या अहवालात शोभतात.

येणाऱ्यांतले इतके थोडे का बोलतात? आळस, न्यूनगंड, इंग्रजांचं राज्य, सगळी उत्तरं थोडी थोडी खरी आहेत. पण रोजच्या व्यवहारातली अडचण याहून साधी आहे: सुरुवात कुणी करायची? डब्लिनच्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलीला आयरिश येतही असेल, पण ते कपाळावर लिहिलेलं नसतं. इंग्रजी मात्र तिला येतेच, याची खात्री असते. मग माणूस खात्रीच्या भाषेत बोलतो. पाच जणांच्या घोळक्यात चौघांना आयरिश येत असली तरी पाचव्यासाठी सगळे इंग्रजीवर येतात. सभ्यता म्हणून येतात, आणि तिथेच भाषेचा घास जातो. ज्या भाषेवाचून कुणाचंच काही अडत नाही, तिला कोणी तरी मुद्दाम पहिलं वाक्य बोलावं लागतं.

म्हणून मला ॲपवर सलग किती दिवस धडे केले याच्या बढायांपेक्षा ‘फान्ये’ जास्त आवडतं. हे कोटाच्या कॉलरवर लावायचं बारीकसं कडं. सोनेरी म्हणजे अस्खलित, चंदेरी म्हणजे मोडकीतोडकी का होईना, पण बोलेन. समोरच्याला विचारावं लागत नाही, थेट आयरिशमध्ये सुरू करता येतं. 2016 साली डब्लिनमध्ये सुरू झालेल्या ‘पॉप-अप गेल्तख्त’चंही, म्हणजे एका संध्याकाळपुरत्या आयरिशभाषक वस्तीचंही, तेच. ठरलेल्या संध्याकाळी नेहमीच्याच एखाद्या पबमध्ये जमायचं आणि आयरिशमध्ये गप्पा मारायच्या. सभासदत्व नाही, वर्गणी नाही, भाषण तर नाहीच. भाषेच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलनापासून आभारप्रदर्शनापर्यंत बसलेल्या कोणालाही याचं मोल कळेल.

पण पब म्हणजे घर नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर डॉनेगल, कॉनेमारा, केरी इथे आयरिशभाषक पट्टे आहेत, त्यांना गेल्तख्त म्हणतात. तिथेही शाळेबाहेर रोज बोलणारे वीस हजारांच्या घरात उरलेत. 2007 च्या एका मोठ्या अभ्यासाने सांगितलं की गावात रोज बोलणारे 67 टक्क्यांच्या खाली गेले की पोरं आपापसात इंग्रजीवर जातात, आईबाप घरात आयरिश बोलत असले तरीही. आणि हा टक्का घसरतो तो व्याकरणामुळे नाही, तर घरांच्या किमतींमुळे. समुद्रकाठची घरं सुट्टीपुरते येणारे घेतात, मग गावातल्याच तरुण जोडप्याला तिथे परवडत नाही. ते गॉलवे शहरात जातात आणि मूल इंग्रजीत वाढतं. तिथले कार्यकर्ते आता भाषेच्या मोर्चात घरबांधणीच्या मागण्या घेऊन उतरतात, ते उगाच नाही.

याच्या उलट उदाहरण बेलफास्टचं, म्हणजे ब्रिटिश राज्यातल्या उत्तर आयर्लंडचं, जिथे भाषेला सरकारी पाठबळ जवळपास नव्हतंच. तिथल्या शॉज रोडवर 1969 च्या सुमारास मोजक्या कुटुंबांनी शेजारी शेजारी घरं बांधली. यांतल्या आईबापांनीही ही भाषा शिकून घेतलेली, पण मुलांशी घरात आयरिशच बोलायची, हे ठरलेलं. मुलं शाळेच्या वयाची झाली तेव्हा 1971 मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली, नऊ मुलांची. सरकारी अनुदान मिळायला 1984 उजाडलं. क्रम बघा: आधी घर, मग गल्ली, मग शाळा. दक्षिणेतल्या, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडच्या, सरकारने शाळेपासून सुरुवात केली आणि घर आपोआप होईल असं धरलं.

शाळा नकोत असं कुणी यातून काढू नये. आयरिश माध्यमाच्या शाळा नसत्या तर पबमध्ये बोलायला आलेल्या निम्म्या लोकांना बोलताच आलं नसतं. शाळा माणसं तयार करते, पण त्यांना एकमेकांशी बोलायला जागा देत नाही.

आता 2021 च्या कायदादुरुस्तीने ठरवलंय की 2030 अखेर सरकारी सेवेत नव्याने भरती होणाऱ्यांपैकी किमान 20 टक्के आयरिश जाणणारे हवेत. ‘येते’च्या रकान्यात यामुळे भर पडेल, यात शंका नाही. दुसऱ्या रकान्यात पडेल का, हे खिडकीपलीकडचा कारकून पहिलं वाक्य कोणत्या भाषेत बोलतो त्यावर आहे.