बीपी वाढवणारी औषधं: सव्वाशे वर्षांची पार्श्वभूमी

धुळे-जळगावात अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं: 'बीपी लागत नाही, इंजेक्शनवर ठेवलंय.' आत सिरिंज पंपातून थेंबाथेंबानं जात असतं ते बहुधा रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन.

लंडनमध्ये 1894 साली जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा अर्क प्राण्यांना टोचला आणि रक्तदाब एकदम उसळला. 1901 च्या सुमारास जोकिची ताकामिने यांनी त्यातून अ‍ॅड्रेनलिन वेगळं काढलं. पण एकच द्रव्य कुठे रक्तवाहिन्या आवळतं, तर कुठे सैल सोडतं, हे कोडं 1948 पर्यंत राहिलं. रेमंड आल्क्विस्ट यांनी ते अल्फा आणि बीटा अशा दोन ग्राहींनी (म्हणजे पेशींवरच्या, अशी द्रव्यं जिथे चिकटून काम करतात त्या जागांनी) सोडवलं. अल्फामुळे रक्तवाहिन्या आवळतात, बीटामुळे काही ठिकाणी त्या सैल पडतात आणि हृदय जोरात नि भरभर चालतं. अ‍ॅड्रेनलिनच्याच जातीच्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा भर अल्फावर.

रावेर-यावलच्या केळीबागायतदाराला पुढची अडचण लगेच कळेल. पाइप चिमटला तर मोटारीकडे दाब वाढतो, शेवटच्या झाडाला मात्र पाणी कमीच पोचतं. शरीरात रक्त वा पाणी कमी असताना नुसत्या रक्तवाहिन्या आवळल्या, तर आकडा सुधारतो आणि मूत्रपिंड, आतडी, बोटं उपाशी राहतात. थकलेल्या हृदयाला तर त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावं लागतं.

विंचूदंशात हेच उलट्या बाजूनं दिसतं. विषामुळे शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनलिनसारखी ही द्रव्यं भरमसाट सोडतं, हृदय दमतं, फुप्फुसात पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अल्फाला रोखणारं प्राझोसिन वापरून असे रुग्ण वाचवले; 1986 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडच्या शेतमजुरांच्या दृष्टीनं मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं.

मधल्या काळात बीपी वाढवणाऱ्या दुसऱ्या एका औषधाचा, डोपामिनचा, बोलबाला होता. कमी मात्रेत ते मूत्रपिंड राखतं, असा समज होता. 2000 साली तो चाचणीत टिकला नाही. 2010 मध्ये 1,679 रुग्णांवरच्या अभ्यासात डोपामिन घेणाऱ्या सुमारे 24 टक्के रुग्णांच्या हृदयाची लय बिघडली, नॉरअ‍ॅड्रेनलिनवर 12 टक्क्यांची. मृत्यूंच्या प्रमाणात ठळक फरक नव्हता, तरी पहिली पसंती नॉरअ‍ॅड्रेनलिनकडे गेली.

जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये, म्हणजे संसर्गानं बीपी कोसळतं तेव्हा, आज सरासरी दाब (वरच्या-खालच्या आकड्यांमधला) साधारण 65 मि.मी. पारा ठेवतात. सोबत लघवी किती झाली, हातपाय गरम आहेत का, रक्तातलं लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढणारं द्रव्य) उतरतंय का, हेही पाहतात. नातेवाइकांनी बीपीच्या आकड्याबरोबर लघवीचंही विचारावं.