हेल्म

हेल्म : एका उच्चाराचे दोन स्वतंत्र इंग्रजी शब्द. एकाचा अर्थ शिरस्त्राण, दुसऱ्याचा सुकाणूचा दांडा. पुढे चाक आणि जहाज वळवण्याची सगळी यंत्रणाही त्यात आली. ‘डोक्याचा रक्षक तोच जहाजाचा रक्षक’ अशी साखळी जोडण्याचा मोह होतो, पण ती टिकत नाही. प्राचीन इंग्रजीत दोन्ही शब्द वेगळे चालत.

शिरस्त्राण तो ‘हेल्म’, अनेकवचन ‘हेल्मस्’. दांडा तो ‘हेल्मा’, अनेकवचन ‘हेल्मन्’. गफलत होते ती षष्ठीत : ‘शिरस्त्राणांचा’ या अर्थाचे रूपही ‘हेल्मा’च, म्हणून वाक्यातून सुटा काढलेला शब्द फसवतो. इंग्लंडवरील नॉर्मन विजयानंतरच्या (१०६६) काही शतकांत शब्दान्तीचे स्वर गळाले आणि दोन्ही एकरूप झाले.

शिरस्त्राणवाचक शब्द ‘झाकणे’ या अर्थाच्या मूळ धातूकडे नेतात. संस्कृत ‘शर्मन्’ (आश्रय, रक्षण) त्याचाच सगोत्र, असे अनेक अभ्यासक मानतात. जर्मानिक (इंग्रजी-जर्मन ज्या कुळातल्या त्या) भाषांतील ‘ह’ला संस्कृत ‘श’ जुळतो (हंड्रेड–शत, हाउंड–श्वन्), त्यामुळे हे मत ग्राह्य वाटते. प्राचीन इंग्रजी ‘बेओवुल्फ’ काव्यात राजा ह्रोथगार ‘स्क्यिल्डिंगांचा हेल्म’, म्हणजे कुळाचा रक्षक आहे. विल्हेल्म (विल्यम) या नावातला उत्तरार्धही हाच. ‘हेल्मेट’ मात्र थेट वारस नव्हे : फ्रँक या जर्मानिक लोकांच्या बोलीतून फ्रेंचमध्ये गेलेल्या याच शब्दाचे ते लघुत्वदर्शक रूप असून इंग्रजीत साधारण पंधराव्या शतकात आले.

दांड्याच्या ‘हेल्मा’चे नाते कुऱ्हाडीच्या दांड्याला म्हणतात त्या ‘हेल्व्ह’शी जोडतात; त्यापलीकडचे मूळ अनिश्चित. दोन्ही शब्दांचा खरा झगडा ‘हॅलबर्ड’ या लांब दांड्याच्या परशूत दिसतो. मध्ययुगीन जर्मन ‘हेल्मबार्टे’ म्हणजे शिरस्त्राण फोडणारी कुऱ्हाड की दांड्याची कुऱ्हाड? ‘बार्टे’ म्हणजे रुंद पात्याची कुऱ्हाड, याबद्दल वाद नाही. दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक, कारण या शस्त्राचे वेगळेपण दांड्याच्या लांबीतच आहे.

नौकानयनात हा दांड्याचा अर्थ फार काळ जिवंत राहिला. दांडा उजवीकडे ढकलला की सुकाणूचे पाते डावीकडे जाते व नाळ (जहाजाचे पुढचे टोक) डावीकडे वळते. अठराव्या शतकाच्या आरंभी चाक आले, तरी हुकूम दांड्याच्याच दिशेने देत. १९१२ मध्ये हिमनग दिसताच ‘टायटॅनिक’वर ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ (पुरते उजवीकडे) हुकूम सुटला आणि जहाज डावीकडे वळले. हुकूम बरोबरच होता, आजच्या कानाला तो उलटा वाटतो. दांड्याचे हुकूम आणि चाकाचे हुकूम दोन्ही ठाऊक असलेल्या खलाशांचा गोंधळ टाळण्यासाठी १९२९ च्या सागरी सुरक्षेवरील लंडन परिषदेने दिशा जहाजाच्या वळणानुसार सांगायचे ठरवले. ब्रिटिश जहाजांवर ते १९३३ पासून लागू झाले.

इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यातील क्रॉस फेल डोंगरावरून उतरणाऱ्या ‘हेल्म विंड’ या वाऱ्याचे नाव माथ्यावर टोपीसारख्या बसणाऱ्या ढगावरून, म्हणजे पहिल्या शब्दावरून पडले असावे.