डेक आधी बांधायचा की वाटेत?

माझा भाचा कितीतरी वर्षं हार्थस्टोन हा कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा गेम खेळत आलाय. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने पहिल्यांदाच स्ले द स्पायर हा तसाच दुसरा गेम उघडला. पहिली लढाई जिंकली, बक्षीस म्हणून तीन पत्ते समोर आले, त्याने एक उचलला. दुसरी लढाई, आणखी एक. असं करत गेमच्या दुसऱ्या अंकाच्या (टप्प्याच्या) शेवटी पोचला तेव्हा डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या पत्त्यांच्या संचात, तिसाच्या वर पत्ते होते. त्यातले काही चांगले सोनेरी पट्टीचे, दुर्मीळ. आणि तिथल्या मोठ्या राक्षसाने त्याला चार डावांत आडवा केला. "मामा, एवढे भारी पत्ते असून हरलो कसा?"

प्रश्न अगदी रास्त होता. दोन्ही गेम शेजारी ठेवले तर फरक कळतच नाही. दोन्हीकडे जादू, राक्षस, तलवारी. खाली हातातले पत्ते, प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात त्याची किंमत, आणि उजवीकडे डाव संपवायचं बटण. दोन्हीकडे एकदा तुम्ही, एकदा समोरचा. पण हे दोन वेगळ्या घराण्यांचे गेम आहेत. एकात डेक बांधून मग खेळायला बसतात. दुसऱ्यात डेक बांधणं हाच खेळ असतो.

हार्थस्टोन पहिल्या घराण्यातला, कलेक्टिबल कार्ड गेम. हे घराणं सुरू झालं 1993 मध्ये, रिचर्ड गारफिल्ड यांच्या मॅजिक: द गॅदरिंगपासून. ब्लिझार्डने 2014 मध्ये हार्थस्टोन आणला तेव्हा नियम सुटसुटीत केले. डेक बरोबर 30 पत्त्यांचा, एकच पत्ता जास्तीत जास्त दोनदा, लेजंडरी, म्हणजे सर्वांत दुर्मीळ, असेल तर एकदाच. पहिल्या डावात 1 माना (पत्त्यांची किंमत चुकवायचं बळ), दुसऱ्यात 2, असं करत 10 पर्यंत. त्यामुळे खरी डोकेफोड लढाईच्या आधी होते. स्वस्त पत्ते किती, महाग किती, सुरुवातीचे डाव रिकामे तर जाणार नाहीत ना, हा सगळा हिशेब शांतपणे बसून करायचा. पॅक फोडला की पाच पत्ते मिळतात. ते संग्रहात जातात. तिथे हजार पत्ते पडून राहिले तरी ते तुमच्या डेकला धक्का लावत नाहीत. नको असलेले मोडून त्यांची डस्ट, म्हणजे नवे पत्ते घडवायची भुकटी, करता येते. लेजंडरी मोडला तर 400, आणि नवा घडवायचा तर 1600. म्हणजे या घराण्यात मिळालेला पत्ता हा निव्वळ फायदा असतो. भाच्याच्या हाताला हीच सवय होती.

स्ले द स्पायर दुसऱ्या घराण्यातला, डेकबिल्डर. मेगा क्रिट या छोट्या कंपनीचा हा गेम नोव्हेंबर 2017 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये (तयार होत असतानाच विक्रीला) आला आणि जानेवारी 2019 मध्ये पूर्ण झाला. आयर्नक्लॅड नावाचा योद्धा घेतला तर सुरुवातीला दहा साधे पत्ते मिळतात: पाच स्ट्राइक, चार डिफेन्ड, एक बॅश. बाकीचं सगळं वाटेत जमवायचं. मेलात की पुन्हा तेच दहा.

आता एक लढाई जवळून बघू. समोर जॉ वर्म, मोठ्या जबड्याचा किडा, जीव 40 ते 44. त्याच्या डोक्यावर तलवारीचं चिन्ह आणि 11 हा आकडा, म्हणजे या डावात तो 11 चा घाव घालणार. शत्रू काय करणार हे आधीच दिसतं, ही या गेमची फार मोठी गोष्ट. तुमच्याकडे 3 एनर्जी (इथलं पत्ते टाकायचं बळ), हातात पाच पत्ते: बॅश, दोन स्ट्राइक, दोन डिफेन्ड. घाबरून दोन्ही डिफेन्ड टाकले तर 10 चा ब्लॉक मिळतो, फक्त 1 जीव जातो, आणि उरलेल्या एनर्जीत एक स्ट्राइक बसतो, 6 चा. वाईट नाही. पण डेक दहाचा आहे. हातात पाच, म्हणजे उरलेले पाच कोणते हे तुम्हाला माहीत आहे: तीन स्ट्राइक, दोन डिफेन्ड. पुढच्या डावात नेमके तेच येणार. मग आत्ता बॅश टाका. 2 एनर्जीत 8 चा घाव, वर किडा दोन डाव व्हल्नरेबल, म्हणजे त्याला प्रत्येक वार दीडपट लागणार. उरलेल्या 1 एनर्जीत स्ट्राइक, 6 ऐवजी 9. एकूण 17. त्याचा 11 चा घाव छातीवर घ्या. पुढच्या डावात तीन स्ट्राइक, नऊ त्रिक सत्तावीस. 17 आणि 27, बरोबर 44. त्याला दुसरा वार करायची संधीच मिळत नाही, आणि लढाई संपल्यावर आयर्नक्लॅडचा जीव 6 ने भरून येतो. हे मी भाच्याला वहीवर मांडून दाखवलं. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसला.

हे गणित जमलं कारण डेक लहान होता. इथे डेक म्हणजे रहाटगाडगं. वापरलेले पत्ते टाकलेल्या ढिगात जातात, डेक संपला की तोच ढीग पिसून पुन्हा वर येतो. दहा पत्त्यांत बॅश दर दोन डावांनी हातात येतो. तीस पत्त्यांत दर सहा डावांनी, आणि बरेचदा तोवर लढाई संपलेली असते. फुटकं गाडगं एकदा लावलं की ते दर फेरीला रिकामं वर येणार. म्हणून बक्षिसाचे तीन पत्ते समोर आले की 'एकही नको' हाही एक पर्याय असतो, आणि तो मनापासून विचार करण्यासारखा आहे. दुकानात तर 75 सोनं देऊन आपलाच एक पत्ता कायमचा काढून टाकता येतो, आणि दर वेळी हा दर 25 ने वाढतो. पैसे मोजून पत्ता टाकायचा हे हार्थस्टोनवाल्याला पटायला वेळ लागतो. मला स्वतःला स्पायरमधली ही सगळ्यात सुंदर कल्पना वाटते.

हार्थस्टोनचा डेक मात्र धान्याच्या कणगीसारखा. काढत जाल तसा संपतो. संपल्यावर पुढच्या प्रत्येक ओढीला आधी 1, मग 2, मग 3 असा मार बसत जातो. नवा गेम कुठल्या घराण्यातला हे ओळखायचं असेल तर मी आधी हेच बघतो: डेक संपला की काय होतं?

रहाटगाडग्याची ही रीत टेबलावरच्या खेळातून आली. डोनाल्ड व्हॅकारिनो यांचा डोमिनियन, साल 2008. त्यातही सुरुवात दहा पत्त्यांनीच, आणि हात पाचाचा. गंमत अशी की ज्या पत्त्यांवर शेवटी गुण मिळतात, तेच खेळताना बहुतेक निरुपयोगी असतात. जिंकण्यासाठी ते घ्यावेच लागतात, आणि घेतले की डेक जड होतो.

मधल्या जागेवरचे गेमही आहेत, आणि गोंधळ त्यांनीच वाढवलाय. डिसेंबर 2017 मध्ये खुद्द हार्थस्टोनमध्येच डंजन रन आला, एकट्याने खेळायचा आणि वाटेत डेक वाढवायचा. त्याच्याही आधी, 2001 मध्ये, मॉस्कोच्या निवालने इथरलॉर्ड्स काढला होता. त्यात नकाशावर पाळीपाळीने नायक फिरवायचे, साधनं गोळा करायची, आणि शत्रूशी गाठ पडली की पत्त्यांची लढाई. मंत्र वाटेत मिळत असले तरी लढाईआधी त्यातले निवडून डेक लावायचा, म्हणून मी त्याला पहिल्याच घराण्यात बसवतो. याच निवालने पुढे 2006 मध्ये हिरोज ऑफ माइट अँड मॅजिकचा पाचवा भाग केला, आणि नकाशाचा तो हात त्यात ओळखू येतो.

उलट्या बाजूची चूकही होते. महिनाभर स्पायर खेळून भाचा हार्थस्टोनकडे परतला तेव्हा दर डावाला हातातलं सगळं मैदानात उतरवू लागला. स्पायरमध्ये ते चालतं, कारण न वापरलेले पत्ते डावाच्या शेवटी बहुधा टाकूनच द्यावे लागतात आणि शत्रूचा बेत समोर दिसत असतो. इथे समोर माणूस आहे आणि त्याचे पत्ते झाकलेले. सातव्या डावाला समोरच्या मेजने (जादूगाराने) फ्लेमस्ट्राइक टाकला आणि भाच्याची अख्खी फौज एका पत्त्यात जळाली. पुढच्या खेळात सहाव्या डावाला त्याच्या हातात तीन सैनिक होते. त्याने एकच उतरवला, दोन राखून ठेवले आणि बटण दाबलं.