धूर कुणाच्या खात्यात?

जालन्याच्या एमआयडीसीत इंडक्शन फर्नेसमध्ये भंगार वितळतं, तेव्हा भट्टीतून कार्बन डायऑक्साइड फारसा निघत नाही. भट्टी विजेवर चालते. कोळसा जळतो तो दूर कुठल्यातरी औष्णिक केंद्रात. मग या पोलादाचा धूर किती धरायचा?

प्रश्न आता पैशांचा झाला आहे. १ जानेवारी २०२६पासून युरोपीय संघात पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं आणायची तर त्यामागच्या कार्बनचा हिशेब द्यावा लागतो आणि त्यानुसार प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात. 'सीबॅम' नावाच्या या सीमेवरच्या कार्बन-आकारणीतून नट-बोल्टही सुटलेले नाहीत.

बोल्टचाच हिशेब करू. भारतात एक टन कच्च्या पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे १०० ग्रॅमच्या बोल्टमागे पाव किलो. बोल्ट घडवणाऱ्याच्या शेडमध्ये यातलं जवळपास काहीच घडत नाही. जवळपास सगळा धूर बोल्टसाठी विकत घेतलेल्या पोलादी तारेबरोबर येतो. तो आकडा मिळणार पोलाद कारखान्याकडून, आणि मध्ये असतो व्यापारी. त्याच्याकडे बिल असतं, माल कुठल्या भट्टीचा ते नेहमीच ठाऊक असतं असं नाही. आकडा मिळाला नाही तर युरोपने ठरवलेला आकडा लागतो, तोही वर थोडी भर घालून.

गंमत पुढेच आहे. सीबॅममध्ये पोलादासाठी वापरलेल्या विजेचा धूर सध्या धरत नाहीत, आणि भंगार शून्य धुराचं मानतात. टनभर भंगार वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो वायू निघतो. म्हणजे चारशेहून जास्त किलो कागदावरून गायब! मात्र त्याच भट्टीत स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून कोळशावर बनलेलं कच्चं लोखंड टाकलं, की त्याचा धूर हिशेबात आलाच.

देशांच्या खातेवहीतही हाच घोळ आहे. धूर जिथे निघाला त्या देशाच्या नावावर, वस्तू कुणीही वापरो. एका अभ्यासानुसार व्यापारातल्या मालामागचा कार्बन डायऑक्साइड १९९०मध्ये ४.३ अब्ज टन होता, २००८मध्ये ७.८ अब्ज, म्हणजे जगातल्या उत्सर्जनाचा पाव हिस्सा. ब्रिटनचा घरचा धूर झपाट्याने घटला, पण आयात मालाचा मिळवला की ती घट बरीच आखडते.

आणि बोल्ट न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला नेणारं जहाज? त्याचं इंधन कुठल्याच देशाच्या बेरजेत येत नाही, वेगळं नोंदवतात. २०२४पासून युरोपने आपल्या कार्बन बाजारात, म्हणजे धुराचे परवाने विकत घ्यावे लागतात त्या व्यवस्थेत, अशा सफरीचा धूर धरायला सुरुवात केली. तोही निम्माच.