गाओकाओतले इंग्रजी उतारे आणि २०१८ चा गुणांचा वाद

चीनमधली बारावीची मुलं इंग्रजी उताऱ्यांचा सराव कसा करतात, हे गाओकाओच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेच्या, प्रश्नपत्रिकेतले गुण ठरवतात. नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत १५० पैकी ५० गुण वाचनाला आहेत. चार उताऱ्यांवर प्रत्येकी अडीच गुणांचे १५ बहुपर्यायी प्रश्न येतात. पाचव्या उताऱ्यातल्या पाच रिकाम्या जागा दिलेल्या सात वाक्यांमधून निवडून भरायच्या असतात. पहिला उतारा बहुधा माहितीपत्रकासारखा असतो: शिबिराचं वेळापत्रक किंवा संग्रहालयाचे तिकीटदर. त्याची उत्तरं सहज सापडतात. दमछाक होते ती शेवटच्या दोन उताऱ्यांत. तिथे लेखकाचा रोख ओळखायचा, अनोळखी शब्दाचा अर्थ मागच्यापुढच्या ओळींवरून लावायचा.

१९७७ साली ही परीक्षा पुन्हा सुरू झाली, तेव्हा इंग्रजीला एवढं वजन नव्हतं. परकीय भाषेचे पूर्ण गुण धरले जाऊ लागले ते १९८३ पासून. उताऱ्याखाली चार पर्याय हा साचा रुळला तो १९८५ मध्ये ग्वांगडोंग प्रांतात सुरू झालेल्या प्रमाणित चाचणीच्या प्रयोगानंतर.

या सगळ्या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय झेजियांग प्रांतातला. तिथे २०१६ च्या ऑक्टोबरपासून इंग्रजीची परीक्षा दोनदा देता येऊ लागली आणि दोन्हींतले चांगले गुण धरायचं ठरलं. मुलांवरचा ताण कमी करणारी ही सोय होती, पण दोन प्रश्नपत्रिका सारख्याच अवघड निघतील याची खात्री कोण देणार? ऐच्छिक विषयांत क्रमवारीनुसार श्रेणी लावून गुण दिले जात, त्यामुळे तिथे हा फरक भरून निघे. इंग्रजीत मात्र मिळालेले गुण तसेच्या तसे धरले जात.

नोव्हेंबर २०१८ ची प्रश्नपत्रिका आधीच्या वर्षीपेक्षा अवघड गेली. नमुना तपासणीत ते लक्षात आल्यावर वाचन आणि लेखन या विभागांतल्या काही प्रश्नांचं वेटेज बदलून गुण वाढवण्यात आले. मुलांना हे कळलं ते निकाल लागल्यावर, तेही आरडाओरड झाल्यावर. उत्तरं ताडून काढलेला अंदाज आणि हाती आलेले गुण जुळत नव्हते. ज्यांनी अवघड उतारे सोडवण्यासाठीच वर्ष घातलं होतं, त्यांची आघाडी आटली. ज्याचे वाचनाचे गुण आधीच जवळपास पूर्ण होते, त्याला वाढायला जागा तरी कुठे होती? प्रांत सरकारने चौकशी केली, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाढीव गुण रद्द झाले, मूळ गुण परत आले आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांवर कारवाई झाली.

दोन परीक्षांतली काठिण्यपातळी जुळवण्याचा हेतू रास्तच होता, हे नोंदवायला हवं. पण पेपर लिहून झाल्यावर, कोणालाही न सांगता गुणांचा नियम बदलणं समर्थनीय नव्हतं. रद्द करण्याच्या निर्णयाने अन्याय दूर झाला. मूळ अडचण मात्र सुटली नाही.

पुढे, २०२० पासून झेजियांगमधली पहिली फेरी जानेवारीत गेली. २०२१ मध्ये आणखी प्रांतांत नवी राष्ट्रीय प्रश्नपत्रिका आली. जुन्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत ४० गुण असलेलं वाचन ५० वर गेलं, शब्द भरण्याच्या उताऱ्याचे गुण ३० वरून १५ झाले. चुका दुरुस्त करण्याचा प्रश्न गेला आणि त्या जागी २५ गुणांची अपुरी गोष्ट आली. ती इंग्रजीत वाचायची आणि पुढचे दोन परिच्छेद स्वतः लिहून पुरी करायची. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तेवढं दिलेलं असतं. इथे पर्यायांवर खूण करून भागत नाही.