आंब्यावर किरण सोडले म्हणजे आंबा किरणोत्सर्गी झाला का?

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या हापूसच्या पेटीवर एक हिरवं गोल चिन्ह असतं. ते दिसलं की दर मोसमात कुठल्या ना कुठल्या फॅमिली ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: ‘हा रेडिएशन दिलेला आंबा आहे, मुलांना देऊ का?’ लगेच दोन उत्तरं येतात. एक, ‘काही होत नाही, बिनधास्त खा.’ दुसरं, चेर्नोबिलच्या अणुभट्टी अपघाताचा फोटो. पहिलं उत्तर बरोबर आहे. पण ते का बरोबर आहे हे कोणी सांगत नाही, त्यामुळे बाजी फोटोच मारतो.

घोळ दोन गोष्टींचा आहे. एखाद्या वस्तूवर किरण पडणं ही एक गोष्ट, तिला विकिरण म्हणतात. किरण सोडणारा पदार्थच वस्तूला चिकटणं किंवा तिच्यात शिरणं ही दुसरी, ते किरणोत्सर्गी दूषण. पहिल्यात स्रोत दूर केला की किरण थांबले. दुसऱ्यात स्रोत तुमच्याबरोबर घरी येतो.

आधी आंब्याचं बघू. फळमाशी आणि कोयीत लपणारा सोंडकिडा यांच्या भीतीने अमेरिकेने भारतीय आंब्याला बरीच वर्षं दार बंद केलं होतं. ते २००७ मध्ये उघडलं, आणि उघडलं ते लासलगावमुळे. भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे २००२ साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारलं होतं, मुख्यतः कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. (कोंब थांबतात, सड थांबत नाही, त्यासाठी साठवण नीटच लागते. हे शेतकऱ्याला आधी सांगितलेलं बरं.) आता वाशीला पणन मंडळाचंही विकिरण केंद्र आहे.

जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीत कोबाल्ट-६० च्या कांड्या असतात, स्टीलच्या आवरणात पक्क्या बंद केलेल्या. फळांच्या पेट्या त्यांच्याजवळून फिरवून बाहेर काढतात. काम नसताना कांड्या खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात. आंब्याला किमान ४०० ग्रे मात्रा मिळावी लागते. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा, त्यामुळे ४०० ग्रेने आंबा जेमतेम ०.१ अंश सेल्सियसने तापतो. पण माणसाच्या सबंध शरीराला एकदम चार-पाच ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. उष्णता नगण्य असली तरी जिवंत पेशीतल्या डीएनएचे तुकडे होतात. किडा जागच्या जागी मरतोच असं नाही, पण त्याची वाढ आणि पैदास खुंटते, आणि अमेरिकेला तेवढंच हवं असतं.

मग आंबा किरणोत्सर्गी का होत नाही? कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा आहे १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं माप). रेणू तोडायला ती भरपूर आहे. पण आंबा ज्यांचा बनलेला आहे त्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या अणूंचं केंद्रक फोडायला १० दशलक्षांहून जास्त लागते. केंद्रक बदललं नाही तर अणू किरणोत्सर्गी होणार कुठून? उन्हात वाळवलेले पापड रात्री उजेड देत नाहीत, तसंच हे. गंमत म्हणजे आंब्यात मुळातच थोडं किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० असतं, आणि ते विकिरण केंद्रात जाण्यापूर्वी जेवढं तेवढंच नंतरही.

एक अपवाद आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही: न्यूट्रॉन. न्यूट्रॉनचा मारा मात्र साध्या पदार्थाला किरणोत्सर्गी करू शकतो. कोबाल्ट-६० तयार होतो तोच असा, साध्या कोबाल्टने अणुभट्टीत न्यूट्रॉन गिळला की. आंब्याच्या केंद्रात न्यूट्रॉनचा स्रोत नसतो.

म्हणून विकिरण निरुपद्रवी असं मात्र कोणी समजू नये. फेब्रुवारी १९८९ मध्ये एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर इथल्या अशाच एका केंद्रात कोबाल्टच्या कांड्यांची चौकट अडकली, आणि ती सोडवायला तीन कामगार आत गेले. दोघांचे पाय कापावे लागले, त्यांतला एक काही महिन्यांनी वारला. पण त्यांना हात लावणाऱ्या नर्सला त्यांच्यापासून किरणोत्सर्गाचा धोका नव्हता, कारण त्यांच्या अंगावर कोबाल्टचा कणही नव्हता.

त्याच्या दीड वर्ष आधी ब्राझीलमधल्या गोयानियात घडलं ते याच्या नेमकं उलट. ओस पडलेल्या एका दवाखान्यात कॅन्सरवर उपचार करण्याचं जुनं यंत्र तसंच राहिलं होतं. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी त्याचा भाग काढला आणि पुढे तो भंगारवाल्याला विकला. आत सीझियम-१३७ ची भुकटी होती, १०० ग्रॅमहूनही कमी. रात्री ती निळसर चमकायची. भंगारवाल्याला वाटलं घबाड लागलं, त्याने नातेवाइकांना, मित्रांना बोलावून दाखवली, थोडी थोडी वाटली. कोणी अंगाला चोळली. सहा वर्षांची एक मुलगी तिच्याशी खेळली आणि त्याच हातांनी जेवली. घरातले एकेक आजारी पडायला लागले तेव्हा संशय आला तो भंगारवाल्याच्या बायकोला. तिने उरलेला ऐवज पिशवीत भरला आणि बसने आरोग्य खात्याच्या कार्यालयात नेला. किती जणांना वाचवलं तिने! ती स्वतः आणि ती मुलगी धरून चौघे गेले. शहरातल्या स्टेडियममध्ये १ लाख १२ हजारांवर लोकांची तपासणी झाली, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडलं. घरं पाडावी लागली, माती खरवडून न्यावी लागली. मूठभर भुकटीपायी सुमारे साडेतीन हजार घनमीटर कचरा.

दोन्हींपासून बचाव वेगळा तो यामुळेच. किरणांपासून वाचायचं तर लांब राहा, मध्ये भिंत ठेवा, थोडा वेळच थांबा. दूषण झालं तर कपडे काढून बाजूला ठेवा, अंग धुवा, आणि तिथलं काही खाऊ-पिऊ नका. चेर्नोबिलनंतर मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला तो भट्टीतले किरण दूरवर पोचले म्हणून नव्हे. आयोडीन-१३१ गवतावर पडलं, गाईने ते खाल्लं, मुलं दूध प्यायली. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणजे काही आठवडे ते दूध वेळीच थांबवलं असतं तर पुष्कळ मुलं वाचली असती. तारापूर असो की जैतापूर, अणुवीज केंद्राविषयी प्रश्न विचारायचे ते याच रोखाने: वीज गेली तर भट्टी थंड कशी ठेवणार, आतलं आयोडीन-सीझियम बाहेर पडू नये म्हणून काय केलंय, वापरलेलं इंधन कुठे ठेवणार. चांगल्या चालत्या केंद्राच्या कुंपणाबाहेर पोचणारे किरण हा तुलनेने किरकोळ मुद्दा आहे, पण सभांमध्ये बराच वेळ त्यावरच जातो.

या गोंधळाची झळ बसते ती कॅन्सरच्या रुग्णाला. मशीनमधून बाहेरून किरण दिलेला माणूस घरी येतो आणि त्याची ताटवाटी वेगळी होते, नातवंडं लांब ठेवली जातात. काही गरज नाही. यंत्र बंद झालं तेव्हाच किरण संपले. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ घेतलेल्या रुग्णाची गोष्ट निराळी. स्रोत त्याच्या शरीरात आहे, घामातून, लाळेतून, लघवीतून थोडाथोडा बाहेर पडतोय. म्हणून मोठा डोस असेल तर त्याला आधी इस्पितळात वेगळ्या खोलीत ठेवतात, आणि घरी आल्यावरही काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून अंतर, भांडी-टॉवेल वेगळे, संडासात दोनदा पाणी. किती दिवस ते डोसवर ठरतं, आणि डॉक्टर ते लिहून देतात. कुठल्या प्रकारचा उपचार झालाय हे ठाऊक नसेल तर डिस्चार्जच्या वेळी एवढंच विचारा: किरण बाहेरून दिलेत, की औषध आत गेलंय?